द्युबारीवरचा दुसरा खटला: लुबिचच्या १९१९ मधील मूकपटाचा प्रकरण अभ्यास

१८ सप्टेंबर १९१९ रोजी बर्लिनमधल्या ऊफा-पालास्ट आम झू या चित्रपटगृहात जर्मन दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा 'मादाम द्युबारी' पहिल्यांदा दाखवला गेला. त्याआधीच्या दहा-अकरा महिन्यांत या शहराने पुष्कळ पाहिले होते. ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसरची सत्ता गेली. जानेवारीत स्पार्टाकसवाद्यांच्या, म्हणजे जहाल डाव्यांच्या, उठावात रस्त्यांवर गोळ्या चालल्या. २८ जूनला व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन प्रतिनिधींनी पराभवाच्या तहावर सह्या केल्या. तिकीट काढून आत बसलेल्या माणसांसमोर पडद्यावर आले ते तेच व्हर्साय, आणि आणखी एक राज्यक्रांती, फ्रान्सची.

हा चित्रपट अभ्यासायचा तो एका विसंगतीसाठी. पोशाख, दालने, रस्ते, गर्दी यांवर त्याने अपार मेहनत घेतली आहे. क्रांती झाली कशाने, या प्रश्नापाशी मात्र त्याने कारणच बदलून टाकले आहे. हा बदल चुकून झालेला नाही, पटकथेतल्या ठरावीक जागी तो केलेला दिसतो, आणि त्या जागा बोट ठेवून दाखवता येतात. चित्रपट जगभर चालला त्यातही या बदलाचा मोठा वाटा आहे.

कागदोपत्री असलेली बाई

जान बेक्यूचा, म्हणजे पुढच्या मादाम द्युबारीचा, जन्म १९ ऑगस्ट १७४३ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या वोकुलर गावातला. आई शिवणकाम करणारी, वडिलांचे नाव नोंदीत नाही. पॅरिसमध्ये लाबिय यांच्या टोप्या-फितींच्या दुकानात ती कामाला होती. जां द्युबारी नावाच्या सरदाराने तिला आपल्या घरी ठेवले, बड्या लोकांपर्यंत पोहोचवले आणि शेवटी पंधराव्या लुईच्या नजरेस आणले.

पुढची अडचण शिष्टाचाराची होती. पेशवाईतला शब्द वापरायचा तर ती राजाची नाटकशाळा. पण फ्रेंच दरबारात हे जवळजवळ मानाचे पद होते, आणि ते मिळवणारी बाई विवाहित आणि खानदानी असावी लागे. म्हणून १ सप्टेंबर १७६८ ला जांचा भाऊ गियोम याच्याशी तिचे लग्न लावले. त्यासाठी जन्माचा खोटा दाखला तयार झाला, त्यात तिचे वय तीन वर्षांनी कमी केले आणि एक खानदानी बापही दिला. २२ एप्रिल १७६९ ला ती दरबारात रीतसर सादर झाली. १० मे १७७४ ला राजा देवीच्या रोगाने मेला. त्याच्या मृत्यूच्या सुमारास तिची रवानगी एका मठात झाली. काही वर्षांनी ती लुवसिएनच्या आपल्या वाड्यात परतली आणि तिथे बरीचशी शांतपणे राहिली.

तिच्याबद्दलचा वाद असा आहे. उधळपट्टीचे चिन्ह म्हणून तिचे नाव पत्रकांतून गाजले, आणि त्यात तथ्य आहे. वास्तुविशारद लदूने तिच्यासाठी लुवसिएनला खास मंडप बांधला. त्यासाठी चित्रकार फ्रागोनारकडून करवून घेतलेली मोठी चित्रे तिने नापसंत करून परत पाठवली. पुढे १७८५ मध्ये राणी मारी आंत्वानेतची अब्रू घालवणारा हिऱ्यांचा हारही मुळात द्युबारी डोळ्यांपुढे ठेवून घडवला गेला होता. राजा मेला आणि हार सराफांच्या गळ्यात पडला. दुसऱ्या बाजूला, तिने कुणाचा जीव घेतल्याची नोंद नाही. उलट तिने काहींसाठी दयेची याचना केल्याच्या नोंदी आहेत. राज्यकारभारात तिला फारसा रसही नव्हता. १७९३ मध्ये तिला जी शिक्षा झाली ती ती करत असलेल्या गोष्टींसाठी झाली की ती ज्याचे प्रतीक होती त्यासाठी, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

अटकेपर्यंतची साखळी मात्र स्पष्ट आहे. जानेवारी १७९१ मध्ये लुवसिएनच्या वाड्यातून तिचे दागिने चोरीला गेले. तिने दागिन्यांची यादी छापून बक्षीस जाहीर केले. क्रांती पेटलेली असताना आपल्याकडे किती हिरे होते हे तिने स्वतःच गावाला सांगितले, ही तिची घोडचूक. चोर लंडनमध्ये सापडले, म्हणून ती तिकडे वारंवार जाऊ लागली. तिथे पळून गेलेल्या फ्रेंच सरदारांशी तिचा संपर्क आला, आणि सोळाव्या लुईच्या वधानंतर तिने सुतकाचे कपडे घातले. हे सगळे आरोपपत्रात आले. सरकारी वकील होता फुकिए-तँव्हिल. ८ डिसेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर नेले.

पटकथेने काय बदलले

पटकथा नॉर्बर्ट फाल्क आणि हान्स क्रेली यांची. फाल्कने फ्रेड ऑर्बिंग हे टोपणनाव वापरले. दोघांनी मुख्य बदल चार ठिकाणी केले आहेत आणि चारही एकमेकांत गुंतलेले आहेत.

सर्वांत मोठा बदल म्हणजे अर्मां द फ्वा हे काल्पनिक पात्र. हॅरी लीडकेने ही भूमिका केली. तो टोप्यांच्या दुकानातल्या जानचा प्रियकर, गरीब विद्यार्थी. तिच्यावरून झालेल्या झगड्यात तो एका स्पॅनिश बड्या माणसाला मारतो. पुढे राजाची लाडकी झालेली जान त्याला वाचवते आणि राजाच्या पहारेकऱ्यांत जागा देते. आपल्याला वाचवणारी बाई कोण हे कळताच तो उखडतो आणि बंडखोरांना जाऊन मिळतो. बास्तीयच्या तुरुंगावर जमावाला नेणाराही तोच, आणि शेवटी द्युबारीला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायासनावर बसलेलाही तोच.

म्हणजे १४ जुलै १७८९ चा उद्रेक एका प्रेमभंगातून निघतो. पावाचे भाव, दिवाळखोर खजिना, करांचे ओझे, तिसऱ्या वर्गाची, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींची, सभा हे सारे जमावाच्या मागे कुठेतरी धूसर असते. भूक दिसते, पण ती दृश्याची सजावट म्हणून. क्रांती पेटवण्याचे काम अर्मांच्या जखमेकडे दिलेले आहे. चित्रपट-समीक्षक जीगफ्रीड क्राकाउअरने १९४७ च्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर या चित्रपटाला धरले: आर्थिक आणि वैचारिक कारणांतून उगवलेल्या घटना इथे मनातल्या भांडणांचे फळ म्हणून दाखवल्या जातात, आणि त्यामुळे क्रांतीचा अर्थच निघून जातो. आम्हाला हे म्हणणे पटते. फक्त हे दिग्दर्शनापेक्षा पटकथेचे काम आहे, हे वेगळे नोंदवायला हवे.

दुसरा बदल काळाचा. राजाचा मृत्यू १७७४, बास्तीय १७८९, तिचा वध १७९३. या १९ वर्षांना पडद्यावर जागाच नाही. शवपेटीच्या पाठोपाठ उठाव येतो. खरी द्युबारी मृत्यूच्या वेळी पन्नाशीची होती. पडद्यावरची पोला नेग्री तेव्हाही दुकानातली मुलगीच दिसते. काळ आवळला नसता तर अर्मांचा सूड टिकलाच नसता, कारण १९ वर्षे ताजा राहणारा प्रेमभंग कुणाला पटेल? एक बदल दुसऱ्याला असा धरून ठेवतो.

तिसरा बदल दरबाराच्या राजकारणाचा. मंत्री श्वाझलचा द्युबारीला विरोध खरा होता आणि १७७० च्या डिसेंबरात राजाने त्याला पदावरून काढले हेही खरे. त्यामागे परराष्ट्र धोरण आणि स्पेनच्या बाजूने ब्रिटनशी युद्धात उतरण्याचा प्रश्नही होता. चित्रपटात राइनहोल्ड श्युन्झेलचा श्वाझल प्रामुख्याने आपल्या बहिणीची वर्णी लागावी म्हणून धडपडतो. अशी इच्छा बोलली जात होती, त्यामुळे हा बदल पूर्ण खोटा नाही. पण उरलेले सगळे गाळले गेले.

साक्षीदाराच्या जागी प्रियकर

चौथा बदल आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. खऱ्या खटल्यात तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस होता झामोर. लहानपणी गुलाम म्हणून फ्रान्सला आणलेला हा मुलगा द्युबारीच्या घरी वाढला. त्याला रेशमी कपडे घालून मिरवले जाई. दरबारी लोक त्याच्याकडे खेळणे म्हणूनच पाहत. फ्रेंच लोक त्याला आफ्रिकी समजत आणि चित्रांतही तसाच रंगवत. न्यायालयात त्याने आपला जन्म बंगालचा, चितगावचा, असल्याचे सांगितले. ते चितगाव म्हणजे आजच्या बांगलादेशातले चट्टग्राम.

मोठा झाल्यावर तो क्रांतीच्या बाजूचा झाला, स्थानिक समितीत काम करू लागला आणि जॉर्ज ग्रीव्ह या इंग्रज जहालाबरोबर त्याने तिच्याविरुद्ध पुरावे गोळा केले. आपले बालपण विकत घेणाऱ्या बाईविरुद्ध साक्ष देताना त्याच्या मनात वैयक्तिक काहीच नव्हते असे कुणी म्हणणार नाही. पण त्याचा राग एका व्यवस्थेवरचा राग होता. माणसे विकत घेणारी व्यवस्था, त्यांना नावे देणारी, नटवणारी. पुढे त्यालाही काही काळ तुरुंगात टाकले गेले, आणि १८२० मध्ये तो पॅरिसमध्ये गरिबीत मेला.

पटकथाकारांपुढे असा माणूस तयार होता. सार्वजनिक आणि खासगी कारण एकाच देहात असलेले, नाट्याच्या दृष्टीने कुठल्याही काल्पनिक प्रियकराहून समर्थ पात्र. खटल्याच्या केंद्रस्थानी त्याच्याऐवजी अर्मां बसवला गेला. याचे कारण व्यापारी असावे असे आमचे मत आहे. १९१९ च्या युरोपीय चित्रपटगृहाला नायक म्हणून देखणा लीडके हवा होता. चितगावच्या गुलामाला नायक करण्याची कल्पनाही त्या उद्योगाला शिवली नसती.

तरीही तो परिणाम करतो, तो कसा

इतके दोष सांगून झाल्यावरही हा चित्रपट पाहताना माणूस जागचा हलत नाही. त्यामागची कारागिरी पाहिली पाहिजे.

लुबिच मॅक्स राइनहार्टच्या नाट्यसंस्थेत नट म्हणून घडला होता. राइनहार्टने गर्दीला पात्र म्हणून वागवायला शिकवले. गर्दी नुसती मागे उभी राहत नाही. ती आत शिरते, थांबते, फुटते, आणि तिच्यात सापडलेला एकटा माणूस अचानक लहान दिसतो. टेम्पेलहोफच्या स्टुडिओत कुर्ट रिख्टरने उभारलेले पॅरिसचे रस्ते आणि चौक या कामासाठीच बेतलेले आहेत. जागा खोल आहे, बाजूच्या गल्ल्या अरुंद आहेत. त्यामुळे एक्स्ट्रा लोक चौकटीत कडेने न येता गल्ल्यांतून ओतल्यासारखे येतात. थिओडोर श्पारकूलचा कॅमेरा बहुतेक वेळ जागेवरच असतो. हालचाल सगळी माणसांची.

गर्दीच्या दृश्यात नेहमी काय बिघडते ते कोणत्याही ऐतिहासिक चित्रपटात दिसेल: पुढच्या दोन रांगा जोरात अभिनय करतात आणि मागचे नुसते हात हलवतात. लुबिच मागच्या माणसांनाही काम देतो. कुणी वर चढतो, कुणी मागे वळून हाक मारतो, कुणी ढकलला जातो.

खरा लुबिच मात्र लहान दृश्यांत सापडतो. रविवारी कुणाकडे जायचे, अर्मांकडे की श्रीमंत स्पॅनिश माणसाकडे, हे ठरवायला जान आपल्या चोळीवरच्या फितींच्या गाठी मोजते: हा, तो, हा, तो. उत्तर अर्मांचे येऊ लागताच ती मोजणी फिरवते आणि हवे ते उत्तर काढते. पडद्यावर मजकुराची एकही पाटी लागत नाही. तिचा लोभ, तिचा लडिवाळपणा, थोडीशी लाज, सगळे बोटांतून कळते. द्युबारी वाईट की बिचारी, या वादावर अख्ख्या चित्रपटात याहून चांगले उत्तर नाही.

एमिल यानिंग्जचा राजा थोराड, सुखलोलुप, हळवा आहे. बागेत आंधळी कोशिंबीर खेळता खेळता तो कोसळतो आणि खेळाचे आजारपण होते. पुढे शवपेटी निघते तेव्हा जानला जवळ येऊ दिले जात नाही. राजाबरोबर तिचे पदही एका क्षणात गेले, हे सांगायला एवढे पुरते.

त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू काळी उमटे, फिकट निळी पांढरी पडे, आकाश कोरे दिसे. त्यामुळे अली हुबर्टच्या पोशाखांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: पडद्यावर काळा दिसणारा झगा सेटवर गडद लाल असू शकतो. त्या पोशाखांची खरी भाषा रंगाची नव्हती. चमक, सुरकुती आणि लेस यांतून ती बोलते.

सेन्सॉर, पैसा आणि अमेरिका

नोव्हेंबर १९१८ मध्ये क्रांतिकारी सरकारने जर्मनीत सेन्सॉरशिप रद्द केली. चित्रपटांसाठी ती १२ मे १९२० च्या कायद्याने परत आली. 'मादाम द्युबारी' या मधल्या फटीत तयार झाला, म्हणून त्याच्या पटकथेतली कात्री सरकारी नाही. क्रांतीचा अर्थ ज्यांनी काढून टाकला त्यांनी तो स्वखुशीने काढला. निर्मिती पाउल डेव्हिडसनच्या युनियन कंपनीची होती, आणि ती तेव्हा ऊफा या मोठ्या चित्रपट कंपनीचा भाग झालेली होती. ऊफाचा जन्म डिसेंबर १९१७ चा, लष्कर आणि बँकांच्या पुढाकाराने झालेला. अशा घराला रस्त्यावरच्या क्रांतीचे समर्थन करणारा चित्रपट नको असणे स्वाभाविक आहे.

पैशाचे गणित असे. युद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. १९२० च्या अखेरीस ७० च्या वर. जर्मनीत एक्स्ट्रांची मजुरी, लाकूड, शिलाई मार्कात. परदेशात विकलेला चित्रपट डॉलरात. हजारोंची गर्दी उभी करणे त्यामुळेच परवडत होते. पण गिऱ्हाईक मिळवायचे तर जर्मन मालावरचा राग टाळायला हवा होता.

फर्स्ट नॅशनल कंपनीने चित्रपट अमेरिकेत नेला तेव्हा नाव बदलून 'पॅशन' केले. जाहिरातीत भर पोला नेग्रीवर, म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेल्या नटीवर, होता. चित्रपट कुठून आला हे पुढे येऊ दिले नाही. १२ डिसेंबर १९२० ला तो न्यूयॉर्कच्या प्रचंड कॅपिटॉल थिएटरात लागला आणि अफाट चालला. इथे पटकथेतला तो बदल कामी आला. जर्मन राजकारणाचा वास असलेले काहीच त्यात उरले नव्हते. उरली होती एक बाई, एक राजा आणि एक प्रियकर, आणि ते कुठल्याही देशात समजते. लगोलग लुबिचचे 'कारमेन', 'सुमुरुन' आणि 'आना बोलेन' हेही बदललेल्या नावांनी अमेरिकेत गेले. मे १९२१ मध्ये लॉस एंजेलिसला 'कॅलिगारी' या जर्मन चित्रपटाविरुद्ध माजी सैनिकांनी निदर्शने केली, तेव्हा जर्मन चित्रपटांचा हा लोंढाच त्यांच्या डोळ्यांसमोर होता. १९२२ मध्ये लुबिच आणि नेग्री दोघेही हॉलिवुडला गेले.

दोस्त राष्ट्रांकडून उलटा आरोपही झाला: 'द्युबारी' फ्रान्सची आणि 'आना बोलेन' इंग्लंडची बदनामी करण्यासाठी काढले. हा आरोप आम्हाला टिकाऊ वाटत नाही. लुबिचला राजे-राण्यांच्या शयनगृहात रस होता, आणि तो त्याने कुठल्याही देशाच्या इतिहासात शोधला असता.

दाखवायचा असेल तर

फिल्म सोसायटीत हा चित्रपट लावताना पहिली चूक वेगाची होते. ३५ मिमी फिल्मच्या एका मीटरला सुमारे ५२.६ चौकटी येतात. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने १००० मीटर फिल्म पावणेएकोणपन्नास मिनिटे चालते; बोलपटाच्या २४ च्या वेगाने तीच साडेछत्तीस मिनिटांत संपते. म्हणजे सगळे एक तृतीयांशाने वेगाने धावतात. गर्दीची दृश्ये तेव्हा हास्यास्पद होतात आणि फितींचे दृश्य तर मरतेच, कारण मोजताना नेग्री जो एक क्षण थांबते तो दिसेनासा होतो. १८ च्या आसपासचा वेग ठेवून आधी हेच दृश्य लावून पाहावे. बोटांची हालचाल नैसर्गिक वाटली तर उरलेला चित्रपट जमेल.

दुसरी चूक पाट्यांची. परदेशी प्रिंटमध्ये पाट्या नव्याने लिहिल्या जात, त्यामुळे इंग्रजी पाट्यांची प्रत आणि जर्मन पाट्यांची प्रत यांत मजकूर सारखा असेल असे धरू नये. मराठी भाषांतर करायचे असेल तर जर्मन पाट्यांवरून करावे. पाटी पडद्यावर असेपर्यंतच वाचून व्हायला हवी, म्हणून भाषांतर मूळ पाटीपेक्षा लांब होऊ देऊ नये. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांबलेल्या वाक्यात नेमके तेच वाचायचे राहून जाते.

संगीत ठरवताना मार्चच्या धुना बास्तीयच्या दृश्यांपुरत्याच ठेवाव्यात. राजाच्या आजारपणापासून शवपेटीपर्यंत वाद्यांची संख्या कमी करत न्यावी. त्या भागाला मोठ्या आवाजाची गरज नाही.

आणि शेवटचे रीळ आधी तपासावे. चित्रपटात अर्मां पाद्र्याच्या वेषात तिला सोडवायला येतो, मारला जातो, आणि तिला गिलोटिनकडे नेतात. गिलोटिनवरचा भाग अनेक प्रतींत आखूड झालेला आढळतो. नेग्री तिथे ओरडते, पायऱ्यांवर अडते, माणसांचे हात धरते. खरी द्युबारीही अशीच मेली होती. शेवटच्या सकाळी जीव वाचावा म्हणून तिने आपले पुरलेले दागिने कुठे आहेत ते एकेक करून सांगितले, आणि वधस्तंभापाशी लोकांकडे दयेची भीक मागितली. तिची चित्रे काढणाऱ्या व्हिजे-लब्रनने पुढे आठवणींत लिहिले की बाकीचे लोक इतक्या ताठ मानेने मेले नसते, तिच्यासारखे किंचाळले असते, तर तो रक्तपात लवकर थांबला असता. जागोजागी इतिहास बदलणारा हा चित्रपट या एका ठिकाणी नोंदींशी प्रामाणिक आहे, म्हणून आपल्या प्रतीत तो भाग पूर्ण आहे ना, हे खेळाच्या आधी पाहून ठेवावे.